रिले लावला आणि फॉग लाइट उलटेच चालायला लागले

धुक्यातलाड्रायव्हर:
मंडळी जरा मदत करा, माझं डोकं चालेनासं झालंय. गाडीला बाहेरून आणून दोन फॉग लाइट लावले, ५५ वॅटचे साधे हॅलोजन. पहिल्यांदा जसं सुचलं तसं केलं, म्हणजे बॅटरीवरून वायर डॅशबोर्डपर्यंत आणली, तिथं एक छोटा रॉकर स्विच बसवला आणि तिथून परत पुढं लाइटला नेली. दोन महिने चाललं पण उजेड पहिल्या दिवसापासून पिवळट, आणि पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवले की स्विचला चटका बसायचा. परवा वास आला म्हणून स्विच उपसून पाहिला तर मागची एक पत्ती काळी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळून परत थिजलेलं. तेव्हाच मल्टिमीटर लावून बघितलं होतं, इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि लाइटच्या सॉकेटवर ११.७.

मग सगळे म्हणाले रिले लाव, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच. आणला. १२ व्होल्टचा, पाच पिनांचा, अंगावर ४०/३० असं लिहिलंय. पिनांवर नंबर ३०, ८५, ८६, ८७ आणि मधोमध ८७ए. मी ३० ला बॅटरी दिली, ८५ बॉडीला, ८६ ला स्विचमधून प्लस, आणि लाइटची वायर मधल्या पिनला, कारण मधली म्हणजे मेन असणार असं वाटलं (हसू नका). आता गंमत बघा, स्विच बंद केला की लाइट लागतात आणि चालू केला की टिक होऊन विझतात. रात्री बॅटरीची वायरच काढून झोपतो.

आणखी एक, स्विचला प्लस मी पुढच्या डीआरएलच्या (दिवसा आपोआप लागणाऱ्या लाइटच्या) वायरीवरून घेतलाय, गाडी बंद झाली की फॉगसुद्धा आपोआप बंद व्हावेत म्हणून. दिवसा ठीक, पण हेडलाइट लावले की तोच रिले टर्रर्रर्र असा माशी अडकल्यासारखा आवाज काढतो. रिले खराब निघाला का? दुसरा आणू?

फुकटसल्ला:
दुसरा आण आणि दोन्ही पॅरलल लाव, ४० अधिक ४० म्हणजे ८० अँपिअर, लोड वाटला गेला की आवाज बंद. माझ्या गाडीत असंच आहे.

जुनावायरमन:
धुक्यातल्या भाऊ, दुसरा आणू नकोस, तुझा रिले एकदम ठणठणीत आहे आणि तू सांगितलंस तेच करतोय. ८७ए ही रिले झोपलेला असताना जोडलेली असणारी पिन. म्हणजे कॉइलमध्ये (८५-८६ मधली तारेची गुंडाळी, करंट आला की तिचं चुंबक होतं) करंट नसताना आतली पट्टी स्प्रिंगने ३० आणि ८७ए ला चिकटून असते, कॉइल जागी झाली की तीच पट्टी उडी मारून ८७ ला जाते. तुला लाइट स्विचने लावायचे आहेत म्हणजे वायर ८७ ला पाहिजे. मधली पिन रिकामी सोड, आणि रिकामी सोडताना तिच्यावर टेप किंवा स्लीव्ह चढव, कारण फॉग बंद असताना तिच्यात बॅटरीचा प्लस उभा असतो हे लोक विसरतात आणि कुठंतरी बॉडीला टेकली की फटाका.

हे नंबर कुणा कंपनीने मनाने टाकलेले नाहीत बरं का. जर्मन डीआयएन ७२५५२ नावाचं स्टँडर्ड आहे त्यातले आहेत, म्हणून बऱ्याच मेकच्या गाड्यांत ३० म्हणजे बॅटरीचा सततचा प्लस, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस, ३१ म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेला मायनस), आणि ५८ म्हणजे पार्किंगची लाइन. एकदा डोक्यात बसलं की गाडीचा वायरिंग डायग्राम बराचसा आपोआप वाचता येतो.

आणि तो ४०/३० चा आकडा. ४० अँपिअर ८७ साठी आणि ३० अँपिअर ८७ए साठी, कारण झोपलेल्या बाजूला पट्टी फक्त स्प्रिंगच्या जोरावर दाबलेली असते, कॉइलच्या ओढीइतका दाब तिथं येत नाही.

एक सावधगिरी. काही पाच पिनांच्या रिलेंमध्ये मधली पिन ८७ए नसून दुसरी ८७ असते, म्हणजे दोन आउटपुट एकाच वेळी चालू. दिसायला अगदी जुळे भाऊ. म्हणून जुना काढून नवा बसवताना आकार बघू नका, अंगावर छापलेलं चित्र बघा.

कॉइलवाली:
फुकटसल्ला दादा, पॅरललचं काही खरं नाही. दोन रिलेंचे पॉइंट, म्हणजे आत एकमेकांना टेकणारी धातूची टोकं, एकाच क्षणी कधीच चिकटत नाहीत, एक दुसऱ्याच्या दोन-तीन मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळा दणका तोच खातो. हॅलोजनची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की पहिल्या क्षणाला नेहमीच्या करंटच्या आठ-दहापट ओढला जातो. म्हणजे १० अँपिअरच्या लाइटला डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभरच्या आसपास. जो पॉइंट पहिला पोचेल तो हे रोज खाणार आणि एक दिवस वितळून चिकटून बसणार, मग स्विच बंद करा नाहीतर चावी काढा, लाइट चालूच. सोडतानाही तेच, जो शेवटी सुटतो त्याच्यावर ठिणगी. लोड वाटायचाच असेल तर एका रिलेवर एक लाइट, दोघांच्या कॉइली एकाच स्विचवर. पण ११० वॅटला ती गरजच नाही.

आता धुक्यातल्या तुझा जळलेला स्विच, कारण हे समजल्याशिवाय रिले म्हणजे नुसतं एक खोकं वाटतं. ११० वॅट भागिले १२, म्हणजे सव्वानऊ अँपिअर, इंजिन चालू असताना व्होल्टेज वाढतं तेव्हा १० धर. त्या छोट्या स्विचच्या पॉइंटमध्ये समज ०.०५ ओहम रेझिस्टन्स आहे, जो काहीच नाही, मीटरवर नीट दिसणारसुद्धा नाही. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, १०० गुणिले ०.०५, पाच वॅट. पार्किंगचा बारका बल्ब असतो ना, तो पाच वॅटचा. तेवढा एक पेटलेला बल्ब तू प्लॅस्टिकच्या स्विचच्या पोटात बंद करून ठेवला होतास. गरम झाला की पत्तीची स्प्रिंग सैल पडते, सैल पडली की रेझिस्टन्स वाढतो, वाढला की आणखी गरम.

रिलेची कॉइल साधारण ८०-९० ओहमची असते. १२ भागिले ८५, म्हणजे ०.१४ अँपिअर. तोच स्विच, तोच ०.०५ ओहम, आता उष्णता एका वॅटचा हजारावा भाग. तुझ्या वितळलेल्या स्विचचा जुळा भाऊ रिलेच्या मागं लावलास तर गाडी म्हातारी होईपर्यंत पुरेल.

स्पॅनर_दहाबारा:
ताईंनी स्विचचं सांगितलं, मी टर्रर्रचं सांगतो, कारण ह्याच्यावर मी एक अख्खी रविवार दुपार घालवलीय. डीआरएल हेडलाइटच्या जोडीला मंद होतात ना, ते व्होल्टेज कमी करून नाही होत बऱ्याच गाड्यांत. गाडीचा कंप्युटर त्या वायरीतला प्लस सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करतो, एलईडी आपल्या डोळ्याला फक्त मंद दिसते. पण रिलेच्या पट्टीला वाटतं मला बोलावलं, नाही गेलं, बोलावलं, नाही गेलं. ती बिचारी मधे थरथरत राहते आणि प्रत्येक थरथरीला पॉइंटवर ठिणगी. असं दोन-तीन तास चाललं तर पॉइंट काजळणार. ओळखायची खूण म्हणजे त्या वायरीवर मल्टिमीटर लाव, दिवसा १३-१४ दाखवेल आणि हेडलाइट लावल्यावर सहा-सात, कारण मीटर सरासरी काढतो. बहुतेक रिले सात-आठ व्होल्टला उचलतात, म्हणजे तुझा बरोबर उंबरठ्यावर लटकलाय.

आणि नुसता आवाजाचा प्रश्न नाही. काही गाड्यांत कंप्युटर त्या लाइनवरचा करंट मोजत असतो, जास्त दिसला की बल्ब खराबची सूचना देतो किंवा ती लाइनच बंद करतो. तिथून काढ.

कुठून घ्यायचं तर दोन रस्ते. एक, फ्यूज बॉक्समध्ये चावीवर चालू होणारा एखादा फ्यूज शोध आणि फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून वेगळी लाइन काढून देणारा जोड) लाव, त्यात स्वतःचा छोटा फ्यूज वेगळा बसतो, ३ किंवा ५ अँपिअर पुष्कळ झाला. दोन, पार्किंगच्या लाइनवरून, म्हणजे फॉग एकटे लागणार नाहीत, पार्किंग लावल्यावरच. मला दुसरा आवडतो कारण फॉग चालू विसरायचा प्रश्न राहत नाही, पण आधी तिथंही मीटर लावून पूर्ण १२-१३ व्होल्ट येतात का बघ. पार्किंगही एलईडी असेल तर तीच भानगड असू शकते.

डॅशबोर्डखाली हात घालशील तेव्हा पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर हात मागं घे. एअरबॅगच्या असतात बहुधा. तिथं टेस्ट लॅम्पसुद्धा टोचायचा नाही.

धुक्यातलाड्रायव्हर:
बाप रे इतकं कुणी सांगितलंच नव्हतं. लाइटची वायर ८७ ला लावली, आता सरळ चालतात, मधल्या पिनला स्लीव्ह चढवली. मोजलं तर डीआरएलवर हेडलाइट लावल्यावर ६.४ व्होल्ट, स्पॅनर भाऊ तुमचा रविवार वाया गेला नाही. पार्किंगवर १३.५ येतात, तिथून घेतलं, टर्रर्र बंद.

दोन शंका. फ्यूज किती? मी ३० अँपिअरचा हिरवा टाकलाय, जास्त असलेला बरा म्हणून. आणि उजेड अजून म्हणावा तसा पांढरा नाही, बॅटरीपासून लाइटपर्यंत वायर जुनीच आहे, ०.७५ स्क्वेअर एमएम.

जुनावायरमन:
हिरवा आधी काढ भाऊ, उत्तर नंतर वाच.

फ्यूज लाइटला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. ०.७५ च्या वायरीत कुठं बॉडीला अर्धवट शॉर्ट झाला तर ती लाल होऊन इन्सुलेशन पेटेल आणि ३० चा फ्यूज शांतपणे बघत बसेल. वायर बदलून २.५ स्क्वेअर एमएम कर आणि फ्यूज १५, निळ्या रंगाचा. १० चा लाल टाकलास तर तो सतत काठावर चालेल आणि मधेच दगा देईल. आणि फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात पाहिजे. रिलेजवळ लावून उपयोग नाही, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम बिनसंरक्षणाचा असतो, तो जितका आखूड तितकं बरं. विकतच्या फ्यूज होल्डरला शेपटासारखी बारीक वायर असते तीही बघून घे, पुढं मागं २.५ आणि मधे होल्डरची शेवई असा प्रकार बऱ्याच गाड्यांत पाहिलाय.

उजेडाचा हिशोब. तांब्याची ०.७५ ची वायर मीटरला साधारण ०.०२३ ओहम. तुझी जुनी वायर बॅटरी ते डॅश ते लाइट चार मीटर धरली तर ०.०९, दहा अँपिअरला ०.९ व्होल्ट नुसत्या वायरीत गेले. अर्धा व्होल्ट त्या जळक्या स्विचने खाल्ला. उरलेला अर्थने. मिळून तुझे ते २.१. आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ कमी होत नाही, साधारण साडेतीनच्या घाताने पडतो, म्हणजे १३.८ च्या जागी ११.७ मिळाले की व्होल्टेज १५ टक्के कमी पण उजेड ४० टक्क्यांच्या वर गायब. पिवळा दिसणारच. २.५ ची वायर मीटरला ०.००७, आणि आता मेन करंटला डॅशबोर्डची वारी करायची गरज नाही, बॅटरीजवळ रिले, तिथून थेट लाइट. दोन मीटर धर, दहा अँपिअरला ०.१४ व्होल्ट.

कॉइलवाली:
अर्थ मोजून बघ, अंदाजाने नको. लाइट चालू ठेव, मीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब लाइटच्या काळ्या वायरीला आणि काळा प्रोब थेट बॅटरीच्या मायनसला. शून्याच्या जवळ पाहिजे. ०.२ च्या वर दाखवलं तर बोल्टखाली रंग आहे किंवा गंज. तसंच ३० आणि ८७ च्या मधे मोज, लाइट चालू असताना, म्हणजे रिलेचे पॉइंट किती खातात ते कळेल, नवीन असताना ०.१ च्या आत असतं. नुसत्या टिक आवाजावर विश्वास ठेवू नये, कॉइल टिक करते आणि पॉइंट जळून खलास असतात असे रिले मी ढिगाने काढलेत. न जोडता ओहमवर मोजून काही कळत नाही, लोड असतानाच खरं दिसतं.

अजून एक ज्याचा कुणी विचार करत नाही. कॉइलचा करंट तोडला की तिच्यातलं मॅग्नेटिक फील्ड कोसळतं आणि उलट दिशेने झटका येतो, १२ व्होल्टच्या कॉइलमधून शंभरच्या वर. साध्या स्विचने चालवत असशील तर स्विचला फक्त ठिणगी, पण ती लाइन गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सशी जोडलेली असेल तर तो झटका तिकडं जातो. तू पार्किंगच्या लाइनवर आहेस म्हणून सांगते, कॉइलला आडवा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लाव, १एन४००७ चालतो, त्याच्या अंगावरचा पट्टा ८६ कडे म्हणजे प्लसकडे. उलटा लावलास तर स्विच दाबताच टॅपचा फ्यूज उडेल. किंवा आतच डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घे, अंगावरच्या चित्रात दिसतो. डायोडवाल्यात ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही, साध्यात आणि रेझिस्टरवाल्यात चालते. मी स्वतः रेझिस्टरवाला पसंत करते. डायोडने कॉइल हळू सुटते, पॉइंट रेंगाळत उघडतात आणि ठिणगी जास्त वेळ राहते.

फुकटसल्ला:
ताई माझ्या गाडीत दोन वर्षं पॅरलल चालू आहे, काही झालं नाही 🙂

स्पॅनर_दहाबारा:
दादा एक रिले हळूच काढून बघा, दुसऱ्यावर लाइट तरी लागतात का 🙂

धुक्यातल्या, एक-दोन हाताच्या गोष्टी. रिले पिना खाली करून बसव, वर तोंड केलं तर पावसाचं पाणी आत साचतं. वायर जोडताना थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी) दाबून बसव, पकड चांगली असेल तर सोल्डर करू नकोस, सोल्डर तारेत वर चढतं आणि जिथं संपतं तिथं ती तार कडक होऊन हादऱ्याने बरोबर तुटते. पार्किंगच्या वायरीला छिलून पीळ मारलाय का तू? तसं असेल तर ते आजच बदल. डॅशमधून इंजिनकडं जाताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट पाहिजेच, नाहीतर पत्रा सुरीसारखा वायर कापतो.

आणि स्विच कुठल्या बाजूला लावायचा ह्याचाही एक पर्याय आहे, ८६ ला पार्किंगचा प्लस थेट द्यायचा आणि स्विच ८५ आणि अर्थच्या मधे. मग डॅशपर्यंत जाणारी वायर फक्त अर्थची, ती कुठं घासली तर फ्यूज उडत नाही, फार तर पार्किंग लावल्यावर फॉग आपोआप लागतात. फक्त ८६ ला चुकून सततचा प्लस देऊ नकोस, नाहीतर चावी काढूनही फॉग लागतील आणि सकाळी स्टार्टर नुसता कण्हेल.

धुक्यातलाड्रायव्हर:
झालं एकदाचं. वायर २.५ केली, निळा फ्यूज बॅटरीपासून चार बोटांवर, डायोडही लावला. पहिल्या खेपेला उलटा लावला होता, टॅपचा फ्यूज उडाला, ताई तुम्ही लिहिलं होतं म्हणून घाबरलो नाही. वायर बदलून मोजलं तर लाइटवर १३.०. मग ताईंची अर्थची चाचणी केली तर ०.५ व्होल्ट. बोल्ट उघडला, खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा चकचकीत, मी दोन महिने रंगावर अर्थ घेत होतो. पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. आता ०.०४, आणि लाइटवर १३.५. रात्री भिंतीसमोर उभी करून पाहिली, हेच लाइट आहेत ह्यावर घरचे विश्वास ठेवेनात. जुना स्विच कापून आतलं बघितलं, पॉइंटला मधोमध खड्डा पडलाय. तो डॅशच्या खणात ठेवलाय आठवण म्हणून.

आता भीड चेपलीय म्हणून विचारतो, दुहेरी हॉर्न घ्यायचाय, ह्याच रिलेच्या ८७ वरून काढू का? ४० पैकी दहाच वापरतोय की.

जुनावायरमन:
काढ की, मग पार्किंग आणि फॉग लावले की हॉर्नही वाजत राहील 🙂

रिले अँपिअर वाटायला नसतो भाऊ, एका हुकमाला एक रिले. आणि हॉर्नचा बहुतेक आधीच आहे गाडीत, फ्यूज बॉक्सचं झाकण उलटं करून आतलं चित्र बघ, मग बोलू.